गल्ल्याची हजेरी

गुरुजींच्या सदऱ्याला खिसा नव्हता. शिंप्याकडून मुद्दाम बिनखिशाचा शिवून घ्यायचे. शिंपी म्हणायचा, "गुरुजी, खिशाला कापड लई लागत न्हाई, चिंध्यातून बसवून देतो." ह्यांचं एकच, "खिसा असला की हात जातो." पैसे रुमालाच्या गाठीत. गाठ अशी घट्ट, की काडीपेटी घ्यायची तरी दातानं सोडावी लागायची. गाठ सुटेपर्यंत इचार करायचे, आणि दहातल्या चार वेळा परत आवळून "ऱ्हाऊ द्या" म्हणून चालू लागायचे. असलं गिऱ्हाईक दुकानदाराच्या कपाळी येऊ नये.

माझं दुकान धारूरला, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकासमोर. म्हणायला किराणा, पण निम्मा धंदा पोरांवर. गुरुजी होते त्या वर्षांत दर महिन्याला काही ना काही नवीन यायचं. एजंट मोटारसायकलवर यायचा, रंगीत पाकिटांच्या माळा देऊन जायचा. "नुसत्या टांगून ठेवा आप्पा, पोरं आपोआप येतील." आली बी. मी चौथी शिकलेलो. मला शाळेचं एवढंच कळायचं, की मधल्या सुट्टीची घंटा कधी होते.

आता दुकान बंद हाय. मंडळी गेली त्याला आठ महिने झाले. ती असती तर मी हे लिहीत बसलो नसतो, तिलाच इचारलं असतं. तिला सगळं बैजवार आठवायचं. मला जेवढं टोचलं तेवढंच आठवतं. गुरुजी टोचलेत.

ते मूळचे उमापूरकडचे. बायको-पोरं तिकडं, हे इथं एका खोलीत. तिसरीचा वर्ग त्यांच्याकडं असायचा. शाळा उघडली, की पहिल्या आठवड्यात घरोघर फिरायचे आणि आई-बापांना सांगायचे, पोराला दर सोमवारी दोन रुपये द्या. एक खायाला, एक मातीच्या गल्ल्यात ठेवायला. आणि काय केलं म्हणून इचारू नका.

लोक हसायचे. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं तर दारातच झापलं. "पोरांच्या हातात पैसे कावून द्यायचे गुरुजी? बिघडत्यात."

"मग कधी द्यायचे?"

"मोठी झाल्यावर."

"पोहायला कधी शिकवता? बुडाल्यावर?"

बाई म्हणाली, "आमच्याकडं हीर न्हाई." गुरुजी पण हसले. पण दुसऱ्या दिवशी परत तिच्याच दारात. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिनं कंटाळून हो म्हटलं.

ज्यांच्या घरी दोन रुपये निघायचेच न्हाईत, त्या पोरांना घेऊन ते रविवारी चिंचेखाली बसायचे. पोरं चिंचोके गोळा करायची, गुरुजी बाजारात नेऊन इकायचे आणि पैसे ज्याच्या त्याच्या हातात. आपल्या गाठीचा पैसा कधी दिला न्हाई. म्हणायचे, "फुकट दिलेला पैसा गल्ल्यात वाजत न्हाई."

आणि ज्यानं दोन्ही रुपये गल्ल्यात टाकले, त्याची पण खैर नव्हती. एक पोरगं लई शहाणं. तीन आठवडे काहीच खाल्लं न्हाई, सगळं साठवलं. गुरुजी त्याचं बखोट धरून माझ्या दुकानासमोर घेऊन आले. "शेट, ह्याला रुपयाचं काहीतरी द्या. माझ्यासमोर खाऊ दे." पोरगं रडत रडत खोबऱ्याची वडी खात होतं आणि गुरुजी म्हणत होते, "कंजूष व्हायला न्हाई शिकवत मी. चाव नीट."

ते मला शेट म्हणायचे. टोमणाच होता तो.

दर शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी पोरांच्या हजेरीनंतर गल्ल्यांची हजेरी. कुंभाराकडून सगळ्यांनी एकाच मापाचे मातीचे गल्ले घेतलेले. ते घरीच असायचे, शनिवारी शाळेत आणायचे. लिंबाखाली पोरं ओळीनं बसायची, मांडीवर गल्ला. नाव पुकारलं, की पोरानं गल्ला द्यायचा. गुरुजी तो कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि हळूच हलवायचे. नारळात पाणी हाय का बघतो ना आपण, तसं. मग सांगायचे, "बरोबर." नायतर, "गेल्या शनिवारपासून काही पडलं न्हाई ह्यात." आणि पडलेलं नसायचंच. मी समोरून बघायचो आणि गिऱ्हाइकाला म्हणायचो, "बघा, सरकार ह्याचा पगार देतंय."

त्या साली माझी कांता तिसरीत गेली. एकुलती एक. मंडळीनं भिंतीतल्या देवळीत गल्ल्याला जागा करून दिली, भस्माचं बोट लावलं. कांता वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारायची, रुपयाला एक रेघ, आठ आण्याला अर्धी. रोज सकाळी शाळेत जाताना गल्ला कानाशी हलवायची. गुरुजींसारखे डोळे मिटून.

आता गोळ्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून झालं.

तेव्हा बाजारात सुट्टे पैसे मिळत नव्हते. पोरानं रुपया दिला, बारा आण्याची वस्तू घेतली, की चार आणे परत द्यायला कुणाकडं असायचे? आमी सगळे दुकानदार त्याच्या बदल्यात एक गोळी हातावर टेकवायचो. पोरं खूश, आमी खूश. गोळी आमाला पडायची दोन आण्याला.

एका बाजाराच्या दिवशी, दुकानात गर्दी असताना गुरुजी पत्र्याचा डबा घेऊन आले. "शेट, अंगाचा साबण द्या." मी दिला. त्यांनी डबा गादीवर उपडा केला. गोळ्याच गोळ्या. काही चिकटलेल्या, काहींना मुंग्या.

"हे काय?"

"पैसे."

"गुरुजी, चेष्टा नका करू."

"तुमीच दिलेत. माझ्या वर्गानं दोन महिने खाल्ल्या न्हाईत, साठवल्या. देताना पैसे म्हणून देता, तर घेताना पैसे म्हणून घ्या. मोजून बघा."

गर्दी हसायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "घे बे आप्पा, तुझंच नाणं हाय." माझं तोंड तांबडं झालं. मी साबण त्यांच्याकडं सरकवला आणि म्हणालो, "न्या. पण परत असला तमाशा नको."

"मग पोरांना नाणं देणार?"

"देतो म्हटलं ना!"

सगळ्यांसमोर शब्द गेला. घरी आल्यावर मंडळी म्हणाली, "बरं झालं. दुसऱ्याच्या पोरांचे चार आणे खाऊन आपलं काय भागलं असतं?" ती गुरुजींच्याच बाजूची.

पण शब्द देणं सोपं, चिल्लर आणायची कुठून? बँकेत कॅशियर नुसता मान हलवायचा. एस.टी.चे कंडक्टर स्वतःच आमच्याकडं मागायचे. दोन आठवड्यांत माझी पेटी नोटांनी भरली आणि सुट्ट्यांनी रिकामी झाली. पोरं हात पसरून उभी आणि समोर फाटकात गुरुजी उभे, बघत.

त्या दिवशी दुपारी मी घरात गेलो. मंडळी नळावर होती. कांता शाळेत. देवळीत गल्ला होता.

मी तो उलटा केला, फटीत सुरीचं पातं घातलं, नाणी पात्यावरून घसरत घसरत बाहेर आली. दहा-अकरा रुपयांची. चोरी म्हणून न्हाई घेतली, देवाशप्पथ. संध्याकाळी परत टाकू म्हणून घेतली. संध्याकाळी टाकायला चिल्लर होती कुठं? नोट टाकावी तर नोट वाजत न्हाई, आणि सकाळी कांता गल्ला हलवणार. शेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान. तिथून मी मूठभर वायसर आणले, नटाखाली घालतात त्या भोकाच्या चकत्या, आणि आत सोडले. सकाळी तिनं हलवला, डोळे मिटून ऐकलं आणि हसत शाळेत गेली. मी गादीवर बसून घाम पुसला.

पहिल्यांदा घेतलं ते मी उधारीच्या खर्ड्यावर लिहून ठेवलं होतं. दुसऱ्यांदा पण लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं न्हाई.

शनिवार आला. गुरुजी गल्ला कानाला लावायचे आणि मी इकडं तराजू तसाच धरून बसायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "आप्पा, साखर टाका की." दोन शनिवार निभावलं. तिसऱ्या शनिवारी त्यांनी कांताचा गल्ला हलवला, थांबले, परत हलवला. दुसऱ्या कानाला लावला. मग तिच्या हातात देऊन म्हणाले, "छान." पोरगी उड्या मारत ओळीत जाऊन बसली. मला वाटलं, सुटलो.

शाळा सुटल्यावर ते सरळ दुकानात आले. गाठ सोडली न्हाई, काही मागितलं न्हाई.

"शेट, तुमच्याकडं वायसर मिळतात का?"

"न्हाई. शेजारी बघा."

"तुमच्याकडं न्हाईत, मग पोरीच्या गल्ल्यात कुठून गेले?"

मी म्हणालो, "मला काय ठावं?" आणि तराजूचं पारडं पुसायला लागलो.

गुरुजी हळू बोलले, बाहेरच्या बाकड्यावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये असं. "मी तिला सांगणार न्हाई. ते काम माझं न्हाई. निकालाला अजून महिना हाय." आणि गेले.

निकालाच्या दिवशी त्यांच्या वर्गाचे गल्ले फुटायचे. आई-बापांसमोर, पोरांनी आपल्या हातानं फोडायचे.

एक महिना म्हणजे लई दिवस असं मला वाटलं. रोज म्हणायचो, आज सांगू. रोज कांता जेवताना सांगायची, तिच्या वहीत किती रेघा झाल्या. त्यात मामानं दिलेले, आजीनं दिलेले. पैशातनं ती आईला काचेच्या बरण्या घेणार होती, लोणच्यासाठी. ऐकून मंडळी पदर डोळ्याला लावायची आणि मी ताटावरून उठायचो. सांगण्यापेक्षा गुपचूप भरून टाकावं, हेच मला सोपं वाटलं. पण भरायला नाणीच पाहिजेत, आणि नाणीच नव्हती.

शेवटी कुणीतरी सांगितलं, परळीला देवळाच्या पायऱ्यांपाशी चिल्लर इकत मिळते. मंडळीला म्हणालो, माल बघायला चाललोय. तिथं एक माणूस पोत्यावर बसलेला. "शंभराची नोट द्या, नव्वदची चिल्लर घ्या." एरवी मी भांडलो असतो. गपचूप दिली. देव समोर असून दर्शनाला आत गेलो न्हाई, पायऱ्यांवरूनच मागं फिरलो. येताना एस.टी.त पिशवी मांडीवर, खड्डा आला की वाजायची. बाजूचा माणूस बघायचा. मला वाटायचं, ह्याला पण कळलं.

घरी आलो, तर देवळी रिकामी.

"गल्ला कुठंय?" मी मंडळीला इचारलं.

"गुरुजींनी जमा करून घेतले. आठ दिवस आधी शाळेच्या कपाटात ठेवतात म्हणं. शेवटी शेवटी पोरांच्या हातून फुटतात म्हणून. तुमचा चेहरा असा का झालाय?"

"उन्हाचा."

मी पिशवी घेऊन तसाच गुरुजींच्या खोलीवर गेलो. ते अंगणात कपडे पिळत होते.

"गुरुजी, दोन मिन्टं कपाट उघडा. सगळं आणलंय, वर जास्तीच हाय. कुणाला कळणार न्हाई."

त्यांनी सदरा झटकला, दोरीवर टाकला, गाठीतून चावी काढून माझ्यासमोर धरली. "उघडतो. कांताला संगं घेऊन या."

"ती लहान हाय, गुरुजी."

"म्हणूनच."

"तिला कळलं तर ती माझ्याकडं बघणार न्हाई."

"तेवढी किंमत तर लागणारच, शेट." चावी परत गाठीत गेली. मला त्या माणसाचा असा राग आला, की वाटलं बादली उचलून डोक्यात घालावी. पिशवी काखेत मारून घरी आलो.

आठ दिवस मी झोपलो असंन-नसंन. सांगितलं न्हाई.

निकालाच्या दिवशी सकाळी शाळेत आई-बाप जमले. बायका एकीकडं, गडी एकीकडं. मी पिशवी घेऊन पार मागं उभा. गुरुजींनी बारदान अंथरलं, एक दगड ठेवला. पोर यायचं, फोडायचं, मोजायचं, सगळे टाळ्या वाजवायचे. कांताचं नाव पुकारलं. तिनं दोन्ही हातांनी दगड मारला.

खापऱ्या उडाल्या. नाणी थोडी आणि वायसर लई. बारदानावरून एक गोल गोल फिरत गेला आणि आडवा झाला.  मग एक पोरगं ओरडलं, "कांतीच्या गल्ल्यात भंगार!" आणि सगळा वर्ग हसला.

कांतानं एक वायसर उचलला, बोटात घालून बघितला. "गुरुजी, हे काय हाय?"

गुरुजी तिच्याजवळ आले. खाली बसले, मांडी घातली.

गड्यांमधून आवाज आला. "आठ दिवस कपाट कुणाच्या ताब्यात हुतं?" दुसरा म्हणाला, "आमी तवाच म्हणलं हुतं, मास्तर पोरांच्या पैशात कावून हात घालतोय." "चावी कुणाकडं असती मास्तर? बोला की!" ज्या बाईला चार दिवस दारात जाऊन पटवलं होतं, ती पण म्हणाली, "गुरुजी, खरं सांगा."

त्यांनी दातानं गाठ सोडली, चावी बारदानावर ठेवली. गाठीत अजून एक पाचची नोट आणि थोडी चिल्लर होती, ती पण ठेवली. 'मी घेतले न्हाईत' असं म्हणाले न्हाईत. माझ्याकडं बघितलं पण न्हाई. बघितलं असतं तर बरं झालं असतं. कांता त्यांच्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे मला माझ्यासाठी नको होतं, ते त्यांच्यासाठी येत होतं.

नुसतं गप्प उभं राहिलं असतं, तरी सुटलो असतो. हे मला तेव्हा कळत होतं. खोटं कशाला सांगू, एक-दोन श्वास मी गप्पच राहिलो.

मग म्हणालो, "मी घेतलेत."

मागच्यांना ऐकू गेलं न्हाई. परत म्हणालो, "वायसर मी टाकलेत. माझ्या पोरीचे पैसे मी काढलेत. गुरुजींनी न्हाई."

पुढं गेलो आणि पिशवी बारदानावर उपडी केली. नव्वद रुपयांची नाणी पडताना लई मोठा आवाज होतो. बायकांमध्ये मंडळी उभी होती, तिच्याकडं बघायची माझी छाती झाली न्हाई.

"मोज," गुरुजी कांताला म्हणाले.

तिनं वही उघडली, रेघा मोजल्या. साडेसेहेचाळीस. आधी तिची उरलेली नाणी बाजूला घेतली, मग माझ्या ढिगातून मोजून भर घातली. साडेसेहेचाळीस झाल्यावर हात थांबला. उरलेला ढीग दोन्ही तळव्यांनी माझ्याकडं सरकवला. मग एक एक वायसर वेचून त्याच्यावर ठेवला.

"हे तुमचे," म्हणाली. त्याआधी ती मला 'तुमी' कधी म्हणाली नव्हती. 'आप्पा, तू' म्हणायची.

घरी आलो. मंडळीनं ताट वाढलं आणि ताक वाढताना एवढंच म्हणाली, "चिल्लर पाहिजे होती, तर तिला मागायची. तिनं दिली असती." ती त्या दिवशी भांडली असती तर बरं, असं मला आजपण वाटतं.

बरण्या आल्या. जूनमध्ये कांतानं कुंभाराकडून आपला आपण नवा गल्ला आणला. चौथीत गेली होती, आता हजेरी नव्हती, तरी आणला. देवळीत ठेवला न्हाई. पिठाच्या डब्यात, पिठाखाली. आईलाच ठावं, असं तिला वाटायचं. मला डब्याच्या झाकणावरच्या बोटांवरून कळायचं. मी त्या डब्याजवळून जाताना हात मागं बांधून जायचो, घरात कुणी नसलं तरी.

त्या पावसाळ्यात गुरुजींची बदली झाली. पत्र्याची ट्रंक सायकलवर बांधून दुकानासमोर थांबले. मी म्हणालो, "गुरुजी, त्या दिवशी तुमी बोलला का न्हाईत? लोकांनी मारलं असतं."

"मारलं असतं," म्हणाले. "मला पण भ्या वाटत हुतं. तुमी बोलाल असं मला अजिबात वाटलं नव्हतं, शेट."

आणि सायकल ढकलत उतारानं गेले. नंतर ते कुठं राहिले, काय झालं, मला ठावं न्हाई. इचारायला पाहिजे होतं.

पुढं दिवाळी झाली. मंडळीची आई आजारी पडली म्हणून मंडळी धर्मापुरीला गेली, पाच-सहा दिवसांसाठी. जाताना पिठाचा डबा शेजारणीकडं दिला, भाकरी तीच टाकून देणार होती. बाजाराचा दिवस होता. सकाळी दप्तर पाठीला लावून कांता दुकानात आली. हातात गल्ला. उभी राहिली. गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं, तेपण गेलं.

"आई न्हाई," म्हणाली. "घराला नुसती कडी हाय."

"हां."

"हा इथं ठेवू का?"

"ठेव."

तिनं गादीवर माझ्या उजव्या हाताला ठेवला. दोन पावलं गेली, परत आली, गल्ला उचलून माझ्या कानाजवळ हलवला. "असा वाजतोय. ध्यानात ठेव, आप्पा." आणि पळत फाटकात शिरली.

त्या दिवशी मी जेवायला उठलो न्हाई, लघवीला सुद्धा गेलो न्हाई. चार आण्याला, आठ आण्याला माणसं तोंडावर नोटा फेकत होती. "आप्पा, सुट्टे द्या."

"न्हाईत."

"अहो न्हाईत काय? हा काय इथं भरलेला गल्ला!"

"तो पोरीचा हाय. उद्या या, नायतर उधार न्या."

तीन गिऱ्हाइकं शिव्या देऊन समोरच्या दुकानात गेली. पाच वाजता घंटा झाली. कांता आली, गल्ला उचलला, कानाला लावला, डोळे मिटले. मी हात लावला नव्हता. तरी मी तराजू खाली ठेवून बघत बसलो.

लई वेळ ऐकलं तिनं. मग गल्ला काखेत मारला आणि म्हणाली, "आप्पा, भूक लागलीय. तू जेवलास का?"